ऐतिहासिक कादंबरीचा वर्षभराचा नेम

पुण्यात वाचनाचा नेम धरण्याची चाल जुनी आहे. आषाढी एकादशीस चातुर्मास बसला की श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लावावयाचा, घरातील वाचता येणाऱ्याने रोज एक अध्याय वाचावयाचा, इतरांनी वाती वळता वळता तो ऐकावयाचा आणि समाप्तीच्या दिवशी नैवेद्य दाखवून पोथी पुन्हा रुमालात बांधून ठेवावयाची, हा क्रम येथील पेठांतून कित्येक पिढ्या अव्याहत चालला. अलीकडे काही वाचनप्रिय मंडळींनी वर्षभर केवळ ऐतिहासिक कादंबऱ्याच वाचण्याचा पण केला आणि मीही त्यांत सामील झालो, तेव्हा पहिल्याच बैठकीत वाद उपस्थित झाला तो वाचनाच्या क्रमाविषयी. बहुतेकांचे म्हणणे असे, की विजयनगरापासून आरंभ करून शिवकाल, पेशवाई आणि अखेरीस 1818ची समाप्ती, असे घटनाक्रमाने जावे. माझा आग्रह असा, की कादंबऱ्या ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने त्या वाचाव्यात. कारण ऐतिहासिक कादंबरीत एक काळ लेखकाने हेतुपुरस्सर रंगविलेला असतो, तर दुसरा, म्हणजे त्याचा स्वतःचा, त्याच्या नकळत उतरलेला असतो, आणि पुणेकराला आपल्या शहराची ओळख व्हावयाची ती बहुशः या दुसऱ्यातूनच.

या क्रमाने निघाल्यास पहिले पुस्तक मुंबईचे येते. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही कादंबरी 1871 साली 'विविधज्ञानविस्तारा'तून प्रसिद्ध झाली आणि मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचे नाव राहिले. त्या वेळी मराठी वाचकाच्या हाती स्वतःचा इतिहास होता तो मुख्यत्वे ग्रँट डफच्या ग्रंथाच्या भाषांतरातून आलेला, आणि त्या ग्रंथाचे दोष नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने दाखवून दिल्याला जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती. पुढे 1878 साली पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' निघाला आणि काशीनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनी जुन्या बखरी व पत्रे छापून काढण्यास प्रारंभ केला. तोपर्यंत ज्या बखरी सरदार-जहागीरदारांच्या दप्तरांत कसरीचे भक्ष्य होऊन पडल्या होत्या, त्या आता वर्गणीदाराच्या घरी टपालाने येऊ लागल्या.

यानंतरचा मोठा मुक्काम हरिभाऊंचा, आणि तेथे वाचकाने घाई करू नये. हरि नारायण आपटे यांचा जन्म 1864 सालचा, खानदेशातील पारोळ्याचा. परंतु त्यांचे सारे कर्तृत्व पुण्यातले. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी व प्रकाशनासाठी स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था हरिभाऊ पाहत आणि तेथेच राहत. आज ज्या अप्पा बळवंत चौकात जून महिना आला की पाठ्यपुस्तकांसाठी पालकांची झुंबड उडते, त्याच्या निकटच ही वास्तू आहे. पण त्या गर्दीतील किती जणांना तिच्या आत मराठी कादंबरीची उभारणी झाल्याचे ठाऊक असते, कोण जाणे! 1890 साली हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. त्याच सुमारास त्यांची 'म्हैसूरचा वाघ' प्रसिद्ध झाली. ती मेडोज टेलर या इंग्रज ग्रंथकाराच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधाराने लिहिलेली. आपल्या इतिहासाकडे पाहण्याची वाट प्रथम इंग्रज गृहस्थाच्या दिवाणखान्यातून जावी, यात त्या पिढीस काही वावगे वाटले नाही, आणि मलाही वाटत नाही. परक्याकडून उसना घेतलेला साचा पाच वर्षांत टाकून देऊन हरिभाऊ 'उषःकाला'पर्यंत आले, हे महत्त्वाचे.

'उषःकाल' 1895 ते 1897 या काळात 'करमणुकी'तून क्रमशः प्रसिद्ध झाली. बांधीव पुस्तक हाती घेऊन चार रात्रींत तिचा फडशा पाडणाऱ्या आजच्या वाचकास तिचा पाल्हाळ खटकतो. प्रकरण ऐन भरात असता लेखक मध्येच थांबून वाचकाशी हितगुज करतो आणि मागील वृत्तान्ताची आठवण देतो, याचा त्यास कंटाळा येतो. पण आठवड्यामागून आठवडा वाट पाहणाऱ्या वर्गणीदारास ती आठवण आवश्यकच होती. तिच्याविना मागील अंकातला धागा सापडता ना. आदिलशाहीची इमाने इतबारे चाकरी करणारा वृद्ध किल्लेदार आणि स्वराज्याच्या कल्पनेने भारलेला त्याचा पुत्र यांच्यातील तेढ हा या कादंबरीचा गाभा. आता ही तेढ ज्या घरांत वाचली जात होती, त्या घरांची स्थिती ध्यानी घ्यावी. वडील मामलेदार कचेरीत किंवा सरकारी शाळाखात्यात, पेन्शनीवर डोळा ठेवून. चिरंजीव कॉलेजात, खिशात 'केसरी'. 1895 सालीच रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी टिळकांनी चळवळ उभारली, 1896 साली रायगडावर उत्सव झाला, आणि 1897 साली तर प्लेगाने पुण्याची घरे ओस पाडली, प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या अंमलदारीत सोजिरांनी घरात शिरून तपासण्या केल्या आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याच रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुसलमानी अमलाखालील इमानाचा प्रश्न कादंबरीत मांडला जात असता इंग्रजी अमलाखालील इमानाचा प्रश्न उंबऱ्यात येऊन उभा होता. हरिभाऊ स्वतः गोखले-आगरकरांच्या वर्तुळातले, मवाळ प्रवृत्तीचे, पुढे पुण्याच्या नगरपालिकेचा कारभार पाहिलेले गृहस्थ; राजद्रोहाचा उपदेश त्यांच्या मनी नव्हता. तरी त्यांच्या पानांतून तरुणांनी काय उचलले असेल, हे तर्काने समजण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट लेखनक्रमाने वाचतानाच कळते. इतिहाससंशोधक राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला आणि भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 साली स्थापन झाले. म्हणजे 'उषःकाल' आधी, दप्तरांचा शोध नंतर. इतिहासाविषयीची भूक कादंबरीने आधी चेतविली आणि तीच पुढे संशोधनाच्या कामी आली, असे मी म्हटले तर संशोधकांना ते रुचणार नाही. पण कादंबरी हा विषय संशोधकांनीही क्षुद्र मानला नव्हता. राजवाड्यांनीच 1902 साली कादंबरीवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे.

हरिभाऊंची अखेरची कादंबरी 'वज्राघात' विजयनगरच्या नाशाची. घटनाक्रमवाद्यांनी ती वर्षारंभी ठेवली होती, कारण तो नाश 1565 सालचा. माझ्या यादीत ती 1913 ते 1915 या सालांवर, टिळक मंडालेच्या तुरुंगातून परत आले त्या दिवसांच्या आसपास पडते, आणि पहाट रंगवून आरंभ केलेला लेखक अखेरीस साम्राज्याच्या विनाशाकडे का वळला, हा प्रश्न तेथेच पडतो. 1919 साली हरिभाऊ वारले. 'सूर्यग्रहण' त्यांच्या हातून अपुरीच राहिली.

पुढील काही दशके भराभर ओलांडण्यास हरकत नाही. नाथमाधवांनी स्वराज्यावरील कादंबऱ्यांची माला गुंफली. हे गृहस्थ तरुणपणी सिंहगडाच्या कड्यावरून पडून कायमचे पंगू झाले आणि अंथरुणावरच्या वाचनातून लेखक झाले. वि. वा. हडपांनी 'कादंबरीमय पेशवाई' लिहिली. वाचनालयांतून या मालांचे भाग हातोहात फिरत आणि मधलाच एखादा भाग बाहेर गेलेला असल्यास वाचकाचा जीव टांगणीस लागे. कलादृष्ट्या यांत फारसे राहिलेले नाही, हे माझे मत बैठकीत कोणास पटले नाही.

1960 साली महाराष्ट्र राज्य झाले आणि 1962 साली रणजित देसाई यांची 'स्वामी' आली. थोरल्या माधवरावांचे अल्पायुषी, कर्तव्यकठोर राज्य आणि थेऊरला रमाबाईंचे सहगमन वाचून नव्या राज्याच्या नागरिकांनी डोळे पुसले. मला मात्र त्यापुढील ना. सं. इनामदार अधिक विचारात पाडतात. या लेखकाने निवडलेली माणसे पाहावीत: 'झेप'मध्ये त्रिंबकजी डेंगळे, 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव. त्रिंबकजीवर 1815 साली पंढरपुरात झालेल्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा आळ. ठाण्याच्या किल्ल्यातून तो निसटला, पुन्हा सापडला आणि चुनारच्या तुरुंगात मेला. यशवंतराव म्हणजे 1802 साली हडपसरच्या लढाईत पेशव्यास पळविणारा आणि मग पुणे लुटणारा, असे पुणेकरांच्या पणज्या सांगत. बाजीराव तर आठ लक्षांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास जाऊन बसलेला. या तिघांचेही निकाल एल्फिन्स्टनच्या रेसिडेन्सीत आणि इंग्रजी ग्रंथांत लागून गेले होते, आणि पुण्यानेही ते निमूट मान्य केले होते. इनामदारांनी फेरतपासणीचा अर्ज गुदरला. प्रत्येकाची कैफियत त्यांनी सविस्तर लिहवून घेतली, ती कधी अतिसहानुभूतीने एकतर्फी होते हे खरे. बाजीरावाच्या बाबतीत तर वकील अशिलाच्या प्रेमात पडलेला दिसतो. परंतु 'उषःकाला'च्या काळी ज्या शहरास निष्कलंक नायक लागत होता, तेच सत्तर वर्षांनी बदनाम माणसांची बाजू ऐकण्यास तयार झाले, हा पालट घटनाक्रमाने वाचणाऱ्यास दिसला नसता. त्याच्या यादीत शिवाजीमहाराज आधी आणि बाजीराव शेवटी, एवढेच.

'पानिपता'विषयी मात्र आमचा क्रमाचा वाद मिटलेला नाही. चिंतामण विनायक वैद्यांची 'दुर्दैवी रंगू' 1914ची, विश्वास पाटलांची 'पानिपत' 1988ची. दोन्ही त्याच 1761च्या संग्रामाच्या. घटनाक्रमवाद्यांनी त्या एकाच महिन्यात लागोपाठ वाचल्या आणि तुलना सुलभ झाली, असा त्यांचा दावा आहे. मी दुसरीपर्यंत पोचलो तो हडप, देसाई आणि इनामदार यांच्यामागून. तोवर सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांच्या हट्टापेक्षा त्यांच्या फौजेचे धान्य, वैरण आणि खजिना यांचाच हिशेब मी पानोपानी शोधू लागलो होतो. सदाशिव पेठेत राहणाऱ्या आमच्यातील एका ज्येष्ठ बाईंनी, ज्यांच्या नावावरून पेठ वसली त्यांच्यावर इतकी वर्षे ठेवलेला पराभवाचा ठपका आता तरी काढावा, असे सुनावले. तो काढावयाचा की नाही, यावर पुढल्या बैठकीत मते घेण्याचे ठरले आहे.