नेमाखालची वाळू

पाथरीत रायफलीसाठी टेकण करायचं ठरवलं, तर निम्मं सामान घरातच सापडतं: जुन्या जीन्सचा एक पाय, दाभण, सुतळी. भरायला मात्र रानातली काळी माती कामाची नाही. ओल लागली की फुगते, वाळली की तिची ढेकळं होतात. वाळू हवी, आणि ती गोदावरीची, ढालेगावच्या अंगाची. (हल्ली वाळूचं नाव काढलं की तहसीलपर्यंत कान टवकारले जातात, इथं मामला दोन-तीन किलोंचा आहे.) ती धुवायची, चाळायची, कढईत कोरडी करायची. ओलसर भरली तर कापड कुजतं.

पिशव्या दोन. दस्त्याखालची गच्च भरायची, पुढची जरा सैल, म्हणजे रायफलीचं लाकूड तिच्यात स्वतःची खोबण करून बसतं. नळी पिशवीवर टेकवायची नाही. गोळी सुटताना नळी थरथरते. तिला खालून अडवलं की गोळी भलतीकडे जाते. मागची पिशवी मुठीत आवळली की दस्ता वर येतो आणि नेम केसभर खाली उतरतो. खरी करामत त्या मुठीत आहे.

टेकणाची गरज बंदुकीइतकीच जुनी. सोळाव्या शतकातली युरोपातली जड मस्केट हातात पेलवत नसे, म्हणून शिपाई सोबत दुबेळकं घेऊन हिंडे आणि नळी त्यात ठेवून बार काढी. बंदुका हलक्या झाल्या तशी ती काठी गेली. आपल्याकडे गडांच्या तटाला जंग्या ठेवलेल्या असत; तोड्याच्या लांब बंदुकीला आडोसा आणि आधार एकाच भोकात मिळे. पानिपतावर अब्दालीच्या जंबुरक तोफांनी तर उंटाच्या पाठीचंच टेकण केलं होतं. वाळूच्या पोत्याइतकं ते स्थिर असेल, असं मला वाटत नाही.

पोतं घरोघरी पोचलं ते तागामुळे. पहिल्या महायुद्धात खंदकांसाठी लागणारी पोती हुगळीकाठच्या गिरण्यांतून निघाली आणि त्यांचा आकडा अब्जावर गेला. 1915-16 मध्ये कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणींनाही खंदकांची ही लढाई चांगलीच भोगावी लागली. पोतं खंदकात आलं गोळी अडवायला. पण त्याच्या आडून नेम धरणाऱ्याची रायफल आपोआप त्याच्यावर विसावली, आणि पुढे हेच पोतं फायरिंग रेंजवरही आलं. नवशिक्याचा हात कापतो; रायफल पोत्यावर ठेवली की उस्तादाला कळतं, चूक पोराची आहे की साइटची.

या पिशवीचा खरा धर्म तोच: माणसाला बाजूला काढून बंदूक तपासणं. अमेरिकेत तर याचाच बेंचरेस्ट नावाचा स्वतंत्र खेळ झाला. बेंचरेस्टवाल्यांची राष्ट्रीय संघटनाही आहे. टेबलावर पुढे एक पिशवी, मागे सशाच्या कानांसारखी दोन टोकं असलेली चामड्याची दुसरी, आणि सगळ्या गोळ्या एकाच भोकातून घालवायची ईर्षा. आता वाळूऐवजी प्लास्टिकचे मणीही भरतात. ते हलके, म्हणून प्रवासाला बरे. माझं मत वाळूच्या बाजूचं. लिटरभर वाळू दीड किलोच्या आसपास भरते, आणि टेकणाला वजनच तर हवं.

ऑलिंपिकमध्ये माणूस तपासायचा असतो, म्हणून तिथं रायफलीखाली पिशवीला मज्जाव. प्रोन पोझिशनलासुद्धा कोपरं आणि दंडाला अडकवलेला पट्टा, एवढाच आधार. एक सवलत तेवढी आहे. गुडघ्यावर बसून मारताना मागच्या पायाच्या घोट्याखाली गुंडाळी घेता येते. तिची लांबी फार तर 25 सेंटिमीटर, व्यास 18. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांनी कांस्य मिळवलं, त्या फायनलची सुरुवात याच गुडघ्याच्या पोझिशननं झाली. गुंडाळी मऊ आणि लवचिक असावी, मापात बसावी, एवढं नियम बघतो.