आतून काढलेला नकाशा

ज्या घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्याचा आराखडा कसा काढावा? आकाशगंगेबाबत हाच पेच होता. शिवाय तिच्यातील धूळ दूरचा प्रकाश अडवते. १९४४ साली, जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये, यान ऊर्ट यांच्या सूचनेवरून व्हान डी हुल्स्ट यांनी गणिताने दाखवले, की हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडू शकेल. ती धुळीतून आरपार जाते. मार्च १९५१ मध्ये ती हार्वर्डला प्रथम सापडली. मे महिन्यात डचांनाही, जर्मन सैन्याने मागे टाकलेल्या रडारच्या अँटेनावर.

लहरीच्या लांबीतील फरकावरून वायूचा वेग कळतो, अंतर नव्हे. अंतरासाठी वायू केंद्राभोवती वर्तुळाकार फिरतो, असे गृहीत धरावे लागले. १९५८ साली ऊर्ट, कर व वेस्टरहाउट यांनी डच आणि ऑस्ट्रेलियन निरीक्षणे जोडून सर्पिल भुजांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात केंद्राच्या व त्याच्या विरुद्ध दिशेला पाचरीसारख्या कोऱ्या जागा आहेत. वर्तुळाकार गतीत तेथील वायू आपल्याकडे येतही नाही, दूर जातही नाही. म्हणून तेथे गृहीतक मुके होते. पुढे ही गती तंतोतंत वर्तुळाकार नाही हे ध्यानात आले आणि भुजांची रेखाटने बदलली.

संहितेच्या आत उभे राहून अर्थ लावणाऱ्यांनी त्या कोऱ्या जागा विसरू नयेत. आपले वाचन कशाच्या आधारावर उभे आहे, हे तेथेच उघड होते.