टपावरचे ओझे : सिल्लोडच्या रस्त्यावरची गाठ आणि वाऱ्याचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ६५ किलोमीटरवर सिल्लोड लागते. बाजाराच्या दिवशी या गावातून बाहेर पडणाऱ्या वाहनांची छपरे पाहण्यासारखी असतात. जीपच्या टपावर पत्र्यांची चळत, तुषार सिंचनाचे पाईप, नवी कोरी गादी, क्वचित एखादा पलंग. सारे दोरीने आवळलेले. बांधणारा शेवटी ओझ्यावर दोनदा हात थोपटतो, ‘पक्कं आहे’ म्हणतो आणि गाडी सुटते. हे थोपटणे फार जुने आहे. ज्या काळात ते रूढ झाले, त्या काळात या रस्त्यावरची गाडी ताशी चार किलोमीटरने चालत होती.

सिल्लोडला आजही रेल्वे नाही. जालना–जळगाव लोहमार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली ती २०२४ साली. त्यामुळे या भागात आलेली आणि येथून गेलेली प्रत्येक वस्तू, मग ती मिरचीचे पोते असो की तोफ, कोणाच्या तरी पाठीवर, साटीवर किंवा टपावर बांधली गेली आहे. भार बांधण्याच्या कलेचा इतिहास पाहायला याहून सोयीचा रस्ता शोधावा लागणार नाही.

सुरुवात बैलाच्या पाठीपासून. बुऱ्हाणपूरहून अजिंठ्याचा घाट चढून दौलताबाद–औरंगाबादकडे येणारी वाट मोगलांच्या काळी दख्खनची मोठी वाट होती. सतराव्या शतकात हिंदुस्थानभर फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने बंजाऱ्यांच्या तांड्यांचे वर्णन करून ठेवले आहे. दहा-दहा, बारा-बारा हजार बैल, पाठीवर धान्य किंवा मीठ; असा तांडा समोरून आला की अरुंद वाटेवर प्रवाशाला कधी दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना गोण्या असत आणि सगळे शास्त्र एका गोष्टीत सामावलेले होते : दोन्ही बाजू तोलाच्या हव्यात. एक गोण जड झाली की ओझे फिरे, पाठ सोलवटे आणि बैल बसे. दोरीचे काम दुय्यम होते. ओझे जागेवर राही ते स्वतःच्या वजनाने.

बैलगाडी आली तेव्हा तोल डावी-उजवीकडून मागे-पुढे सरकला. भार मागे गेला तर जू वर उचलले जाते आणि गाडी उलाळ होते. पुढे गेला तर सारा दाब बैलांच्या मानेवर येतो. सपाटीवर जमलेला तोल घाटात बिघडतो. अजिंठ्याचा घाट उतरताना कडब्याची गाडी पुढे लोटते, चढताना मागे ओढते. म्हणून गाडीवान भारावरून लांबीच्या दिशेने दोर टाकत, त्यात दांडके अडकवून पीळ देत आणि दोर तारेसारखा ताणला गेला की दांडके बांधून टाकत. ही युक्ती अतिशय उत्तम होती. कडबा आकाराने प्रचंड असे, गाडीच्या दोन्ही अंगांना हातभर बाहेर येई, तरी तो उडून जाण्याची भीती गाडीवानाला वाटत नसे. त्याचे शत्रू दोनच : चाकोरी आणि चढ.

याच वाटेने काही विलक्षण वस्तूही गेल्या. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक केली. आज सिल्लोड तालुक्यात असलेल्या अजिंठा गावी राहून त्याने वर्षानुवर्षे मूळ आकाराची तैलचित्रे केली. तो कामाला लागला तेव्हा मुंबई–ठाणे आगगाडीसुद्धा धावू लागली नव्हती. भलेमोठे, नाजूक कॅनव्हास कच्च्या रस्त्याने आणि मग समुद्रमार्गे लंडनला पोचले. त्यांतील बहुतेक चित्रे डिसेंबर १८६६ मध्ये तेथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. दख्खनचा रस्ता आणि अर्ध्या पृथ्वीचा समुद्र ज्यांना इजा करू शकला नाही, ती चित्रे प्रदर्शनाच्या भिंतीवर सुरक्षित टांगलेली असताना नष्ट झाली.

मोटार आली आणि बांधणीचे गणित आतून बदलले. मात्र ते बदलल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याची शाखा म्हणून सरकारी बससेवा सुरू झाली १९३२ साली, अवघ्या २७ गाड्यांनिशी. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर ही पहिली एसटी धावली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे १९६१ मध्ये मराठवाड्यातील सरकारी बससेवाही एसटी महामंडळात विलीन झाली. त्या लाल गाडीच्या मागे लोखंडी शिडी असे आणि टपावर चारी बाजूंनी कठडा. हमाल डोक्यावर पोते घेऊन शिडी चढे. मिरचीची पोती, भाजीच्या पाट्या, लग्नाच्या ट्रंका, आडव्या टाकलेल्या सायकली, सारे त्या कठड्याच्या आत रचले जाई. ओझे जड असे, कठड्यात बसलेले असे आणि खड्ड्यांमुळे गाडीला वेग फारसा घेता येत नसे. बैलगाडीची गाठ बसच्या टपावरही चालून गेली. इथेच घोळ झाला : जुनी विद्या नव्या वाहनावर खरी ठरली, पण ती का खरी ठरली हे कोणी तपासले नाही.

ते तपासण्याचे साधन मात्र केव्हाच उपलब्ध होते. १६८७ साली औरंगजेबाच्या फौजेने गोवळकोंडा घेतला. त्याच वर्षी लंडनमध्ये न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला. हवेसारख्या माध्यमातून वेगाने जाणाऱ्या वस्तूला होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे न्यूटनने त्यात मांडले. वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट. बैलगाडीच्या चारावरून मोटारीच्या ऐंशीवर गेले तर वेग वीसपट होतो आणि वाऱ्याचा जोर चारशेपट.

आकडे मांडले की हे डोळ्यांसमोर उभे राहते. ताशी ४ किलोमीटर वेगाला एक चौरस मीटर पृष्ठभागावर समोरून येणारा हवेचा दाब सुमारे ७५ ग्रॅम वजनाइतका असतो. पाच-सहा केळीच्या पानांवरून वारा जावा इतका क्षुल्लक. ताशी ८० ला तोच दाब सुमारे ३० किलो होतो आणि १०० ला ४७ किलो. आता आठ फूट लांब, तीन फूट रुंद पत्रा घ्या. अर्धा मिलिमीटर जाडीचा असा पत्रा जेमतेम नऊ किलोचा असतो. ८० च्या वेगाला त्याच्या साऱ्या पृष्ठभागाला पेलावा लागू शकणारा दाब साठ किलोच्या वर जातो. पत्रा आडवा, सपाट आहे तोवर वारा त्याच्या कडेवरून निसटतो. समोरची कड चार बोटे उचलली गेली की त्या दाबाचा मोठा भाग पत्रा वर उचलण्याच्या कामी लागतो. तेव्हा तो पत्रा राहत नाही, पंख होतो. पोत्याला त्याचे वजन खाली धरून ठेवते. पत्रा, गादी, प्लायवूड, रिकामे पिंप यांना धरून ठेवणारे काहीच नसते. असते ती फक्त दोरी. आणि महामार्गावर सुटलेला पत्रा मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या मानेच्या उंचीवर येतो.

हलकी, लांब, सपाट वस्तू मोटारीच्या टपावरून न्यायची कशी, या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार झाला तो समुद्रापासून दूर असलेल्या या पठारावर नव्हे, तर प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर. लाटेवर उभे राहून तरंगण्याची फळी, म्हणजे सर्फबोर्ड, मूळची हवाई बेटांवरची. ड्यूक कहानामोकू हा तेथील विख्यात जलतरणपटू १९३० च्या सुमारास जी फळी वापरी, ती सोळा फूट लांब आणि ५० किलोंहून जड लाकडाची होती. अशी फळी टपावर टाकली तर तिला कडब्याच्या गाडीचेच नियम लागू पडले असते. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमच्या फळ्या बनवायला घेतल्या. वजन काही किलोंवर आले. शाळकरी पोरालाही फळी उचलून टपावर टाकता येऊ लागली आणि नेमक्या त्याच कारणाने वाऱ्यालाही ती उचलता येऊ लागली.

मग जी पद्धत रुळली ती वाचण्यासारखी आहे. फळीचे टोक किंचित वर वळलेले असते. म्हणून ती पालथी ठेवतात, म्हणजे तो बाक खाली जातो आणि वाऱ्याला खालून शिरायला जागा राहत नाही. तिचे कल्ले वर आणि पुढच्या बाजूला येतील अशी दिशा राखतात. फळी मागे सरकू लागली तर कल्ला पट्ट्याला अडतो. टपावर दोन आडव्या दांड्या, त्यांत जमेल तितके अंतर, त्यांवर मऊ गुंडाळी. दोरीऐवजी रुंद पट्टा, कारण बारीक दोरी फोमात रुतते आणि रुतली की सैल पडते. दांडक्याच्या पिळाने दोर ताणण्याची गाडीवानाची युक्ती येथे उलट नडते, फळी चेपते. पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला जातो. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडून घुमतो आणि हळूहळू ढिला होतो, पीळ दिलेला पट्टा शांत राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे : लांब फळीचे पुढचे टोक स्वतंत्र दोरीने गाडीच्या पुढच्या हुकाला खाली बांधलेले असते. मधल्या दोन गाठी कितीही पक्क्या असल्या तरी उचलणे सुरू होते ते टोकापासून.

सिल्लोडच्या पत्र्याला यातले जवळजवळ सारे जसेच्या तसे लागू पडते. फरक पडतो तो मोटारीच्या घडणीमुळे. जुन्या अँबेसेडर, फियाट गाड्यांच्या छपराला कडेने पावसाच्या पाण्याची पन्हळ होती. कॅरिअरचे पाय तिच्यात घट्ट आवळले जात. नव्या गाड्यांचे छप्पर गुळगुळीत झाले, पन्हळ गेली आणि तिच्याबरोबर पकडही गेली. आता गाडीच्या नमुन्यासाठी बनवलेल्या दांड्याच लागतात. छपराने किती वजन पेलावे याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. लहान मोटारींत तो सामान्यतः पन्नास ते पंच्याहत्तर किलोंच्या आसपास असतो, म्हणजे धान्याचे एक भरलेले पोते फार तर.

कायदा या बाबतीत उशिरा, पण स्पष्ट बोलला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने टपावर माणसे बसवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीला आलेल्या भारासाठी वीस हजार रुपयांचा दंड ठेवला. शिवाय तो भार उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याकडेच.

सिल्लोडहून अजिंठ्याकडे निघालेल्या गाडीला घाटापूर्वी गोळेगाव लागते. नवी बांधलेली दोरी पहिल्या काही किलोमीटरांतच सर्वाधिक ढिली पडते, कारण ओझे हादऱ्यांनी बसते आणि दोर ताणला जातो. तेव्हा गाडी तेथे पाच मिनिटे उभी करावी, पत्र्याची पुढची कड हाताने वर उचलून पाहावी आणि ती बोटभर जरी हलली तर गाठ सोडून पुन्हा बांधावी.