तळटीप १७ : नाव व्हेरिएबलमध्ये असेल तेव्हा

१७. लेखकाने इथे मावळातल्या किल्ल्यांचे क्लास घेतले आहेत : लोहगड, विसापूर, तिकोना. पर्यटक कोणता किल्ला निवडणार हे प्रोग्रॅम चालेपर्यंत ठाऊक नसते. निवडलेले नाव $किल्ला या व्हेरिएबलमध्ये येते. (पीएचपीत देवनागरी नावे खुशाल चालतात, फाइल तेवढी यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करावी.) मग $किल्ला::जवळचे_स्टेशन() असे लिहिले की लोहगडासाठी ‘मळवली’, तिकोन्यासाठी ‘कामशेत’ असे उत्तर मिळते. स्टेशन सांगायला किल्ल्याचा ऑब्जेक्ट बनवावा लागत नाही, म्हणून ही मेथड स्टॅटिक.

ही सुटसुटीत रीत ५.३ आवृत्तीत, २००९ साली आली. त्याआधी ‘कॉल यूझर फंक’ या फंक्शनला क्लास आणि मेथड यांची नावे ॲरेत घालून द्यावी लागत. जुन्या कोडमध्ये ते अजूनही भेटते. कन्स्ट्रक्टरचे तसे नव्हते. ‘न्यू’पुढे व्हेरिएबल पूर्वीपासून चाले, आर्ग्युमेंट किती येतील हे माहीत नसले, तरच रिफ्लेक्शनचा वळसा पडे. ५.६ मध्ये (२०१४) तीन टिंबांनी तोही वाचवला.

लेखकाने नेमस्पेसचा उल्लेख टाळला आहे, तो हवा होता. स्ट्रिंगमधल्या नावाला फाइलच्या माथ्यावरची ‘यूज’ ओळ लागू होत नाही. नाव पूर्णच द्यावे लागते. आणि फॉर्ममधून आलेले नाव थेट वापरू नका, भलत्याच क्लासचा ऑब्जेक्ट तयार होऊ शकतो. आधी ते मान्य किल्ल्यांच्या यादीत आहे का, हे तपासा. – संपा.