पंखाचा आघातकोन

पक्षी पंख हालवून उडतो, तेव्हां माणसासही उडावयाचें तर पंखच हालवावे लागतील, अशी समजूत शतकानुशतकें दृढ होती. ती मोडण्याचें श्रेय मुख्यतः इंग्लंडांतील सर जॉर्ज केली यांस आहे. इ. स. १७९९ मध्यें त्यांनीं चांदीच्या एका चकतीवर एका बाजूस स्थिर पंखांच्या यंत्राची आकृति कोरली. दुसऱ्या बाजूस वाऱ्याच्या जोराचे दोन भाग रेखाटले. वर नेणारा जोर ती उचल. मागें ओढणारा जोर तो रोध. विमानविद्येचा ओनामा तो हाच.

विमानाचा पंख पुढून मागें उभा कापला असतां जो आकार दिसतो, त्यास पंखाचा छेद म्हणतात. वाऱ्यास प्रथम सामोरी जाणारी पुढील कड बहुधा गोलसर असते. मागील कड सुरीच्या धारेसारखी निमुळती. या दोन कडांस जोडणारी सरळ रेषा ती ज्या, आणि छेदाची जी कमान तो त्याचा बांक. समोरून येणारा वारा व ज्या यांमधील कोन तो आघातकोन. हा कोन क्षितिजाशीं नव्हे, तर वाऱ्याच्या दिशेशीं मोजावयाचा असतो. नवशिका फसतो तो येथेंच.

बांकदार पंखाचें महत्त्व जर्मनीच्या ओटो लिलिएन्थाल यांनीं मोजमापें करून आपल्या १८८९ च्या ग्रंथांत मांडलें. १८९१ पासून त्यांनीं टेकड्यांवरून सुमारें २००० वेळां हवेंत तरंगत उतरण्याचे प्रयोग केले. तोल सांभाळण्यास शरीराचा भार सरकविणें, एवढेंच साधन त्यांच्या हातीं होतें. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं वाऱ्याच्या झोतानें यंत्राचें नाक वर गेलें, गति खुंटली आणि तें सुमारें १५ मीटर उंचीवरून कोसळलें. दुसऱ्या दिवशीं बर्लिन येथें त्यांचें निधन झालें.

असें कां व्हावें? आघातकोन वाढवीत गेलें म्हणजे प्रथम उचलही वाढत जाते. परंतु साधारण पंखाच्या बाबतींत तो १५ अंशांच्या आसपास गेला, कीं वरच्या पृष्ठास बिलगून वाहणारी हवा त्यापासून सुटते, उचल एकाएकीं घटते आणि रोध वाढतो. यासच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन सुरू असो वा बंद, येथें पंखच निकामी होतो.

अमेरिकेंतील विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंनीं लिलिएन्थाल यांच्या मृत्यूपासून बोध घेतला. त्यांनीं नाक वरखालीं करणारें आडवें पातें यंत्राच्या पुढें बसविलें. १९०१ मध्यें किटी हॉकजवळ विल्बर यांच्यावर तोच प्रसंग आला. पण यंत्र नाकावर न पडतां सपाट खालीं आलें व ते बचावले. तथापि उचल अपेक्षेच्या सुमारें एक तृतीयांशच मिळत होती. तेव्हां त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनीं ६ फूट लांबीच्या पेटींत वारा खेळवून सुमारें २०० लहान पंख निरनिराळ्या कोनांत तपासले. या मापांच्या आधारें १९०२ चें यंत्र अधिक लांब व अरुंद पंखांचें झालें. आणि १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें इंजिनाचें विमान प्रथम १२ सेकंद उडालें.

विमानाचें नाक खालीं जाऊं लागलें, कीं दांडा मागें ओढावा, अशी मनुष्याची उपजत बुद्धि सांगते. स्टॉलमध्यें तीच घातक ठरते. दांडा पुढें करून आघातकोन कमी करावा, तेव्हांच हवा पुन्हां पंखास बिलगते. केवळ वेग पुष्कळ आहे म्हणूनही निश्चिंत राहतां येत नाहीं, कारण तीव्र वळणांत दांडा फार ओढला, तर भर वेगांतही ती मर्यादा ओलांडली जाते. म्हणून जमीन दूर असतांना, शिक्षकासमक्ष, विद्यार्थ्याकडून मुद्दाम स्टॉल करवून घेतात. जमिनीजवळ तो शिकण्यास अवधि मिळत नाहीं.