नऊ कमानींचा पूल, देमोदरा

श्रीलंकेच्या ऊवा प्रांतात एल्ला आणि देमोदरा या रेल्वे स्थानकांदरम्यान असलेला, ब्रिटिश अमदानीतील रेल्वे पूल. सिंहली नाव ‘अहस् नवये पालम’, म्हणजे नऊ आकाशांचा पूल. कोलंबो–बदुल्ला लोहमार्गावरील हा पूल 1921 मध्ये पूर्ण झाला. आजही त्यावरून गाड्या जातात.

पार्श्वभूमी : डोंगराळ मुलखातला चहा बंदरापर्यंत पोचवणे हा या मार्गाचा मुख्य हेतू होता. रूळ 1867 मध्ये कँडीला, 1885 मध्ये नानू ओयाला आणि 1894 मध्ये बंडारवेलाला पोचले. तिथून बदुल्ला जवळच. पण दऱ्या, बोगदे आणि तीव्र उतार यांमुळे तेवढ्या टप्प्याला 30 वर्षे लागली. बदुल्लाला गाडी आली ती 1924 मध्ये. हा पूल याच शेवटच्या, अवघड टप्प्यातला.

रचना : लांबी सुमारे 91 मीटर, उंची 24 मीटर आणि रुंदी साडेसात मीटर. पूल सरळ नाही. दरी ओलांडतानाच तो वळतो. त्यामुळे खिडकीतून डोकावणाऱ्याला आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. रुळांमधले अंतर साडेपाच फूट, म्हणजे भारतातल्या ब्रॉडगेजइतकेच. कमानींचा सगळा भार खांबांवरून खाली उतरतो. कमानीतला प्रत्येक ठोकळा शेजारच्याला दाबून धरतो, म्हणून पोलादाच्या तुळयांवाचून काम भागते.

पोलादाची कथा : पुलासाठी आलेले पोलाद पहिल्या महायुद्धाकडे वळवले गेले, काम अडले आणि मग गावकऱ्यांनी दगड, विटा व सिमेंट यांवर पूल उभा केला, असे सर्रास सांगितले जाते. मात्र बांधकामाचा आरंभ बहुधा 1919 चा दिला जातो. तो खरा मानला तर युद्ध आदल्याच वर्षी थांबले होते. शिवाय पुलाचे अभिकल्पक, सिलोन सरकारी रेल्वेच्या बांधकाम खात्यातले हॅरल्ड कथबर्ट मारवुड, यांच्या कामाची नोंद 1923 च्या एका अहवालात आहे आणि त्याच्या शीर्षकात हा ‘काँक्रीटचा’ पूल म्हटला आहे. पोलाद नसणे ही अडचण होती की आधीपासूनची योजना, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

अप्पुहामीची कथा : लोकांच्या तोंडी मात्र पुलाचा कर्ता पी. के. अप्पुहामी. कप्पेटिपोळजवळच्या मेलिमडा गावात 1870 मध्ये जन्मलेला हा माणूस ढोल वाजवी आणि थोविल या भूतबाधा उतरवण्याच्या विधीत नाचे. कथा अशी : विधी आटोपून तो त्याच वेशात घरी निघाला असता वाटेत एका गोऱ्या साहेबाने त्याला पाहिले आणि भूतच समजून तो दचकला. पुढे दोघांची मैत्री जमली. दोन टेकड्यांमधल्या दलदलीत पाया धरत नाही, हे साहेबाचे दुखणे ऐकून अप्पुहामीने मोठमोठे खडक आत लोटायला सांगितले आणि त्यांवर खांब उभे राहिले. वरिष्ठांना भरवसा वाटेना, तेव्हा ‘पहिली गाडी जाईल तेव्हा मी पुलाखाली आडवा होईन’ असा शब्द त्याने दिला आणि तो पाळलाही, असे म्हणतात. पुलाखाली नरबळी पुरल्याच्या कथा अनेक ठिकाणी ऐकू येतात. इथे बांधणाराच आपला जीव तारण ठेवतो आणि उठून घरी जातो.

मुंडाशाची कथा : थोड्याच अंतरावर देमोदराचा वळसा आहे. तिथे रूळ गोल फिरून त्याच स्थानकाच्या खालच्या बोगद्यातून बाहेर पडतात. चहामळ्यातला कंगाणी, म्हणजे मुकादम, मुंडासे सोडून पुन्हा गुंडाळत होता. ते पाहून अभियंत्याला हा वळसा सुचला, अशी आख्यायिका आहे. हे श्रेय बहुधा डी. जे. विमलसुरेंद्र यांना देतात. श्रीलंकेतल्या जलविद्युतेचे जनक म्हणून ते अधिक प्रसिद्ध आहेत.

भेट : एल्ला गावापासून पूल पायी अर्ध्या-पाऊण तासावर आहे, रिक्षानेही जवळपास जाता येते. गाड्या दिवसातून मोजक्याच असल्याने स्थानकावर वेळा विचारून निघावे. बहुतेक लोक चहामळ्याच्या उतारावर गाडीची वाट पाहत थांबतात. कठडे ठेंगणे आणि मार्ग चालू असल्याने शिटी ऐकताच रुळांवरून बाजूला होणे आवश्यक. गाडी गेल्यावर खाली दरीत उतरावे. ओल्या, शेवाळलेल्या खांबांशी उभे राहून मान वर केली की प्रत्येक कमानीत आभाळाचा वेगळा तुकडा दिसतो. मारवुड किंवा अप्पुहामी यांपैकी कोणाचेच नाव पुलाला मिळाले नाही; सिंहली नाव पडले ते खालून दिसणाऱ्या या नऊ तुकड्यांवरून.