सिलिंडरमधला द्रव, शेगडीवरचा वायू

घरगुती गॅसचा सिलिंडर हलवला, की आत काहीतरी डुचमळल्याचे जाणवते. ज्याला सर्रास 'गॅस' म्हटले जाते, तो सिलिंडरमध्ये प्रामुख्याने द्रवरूपात असतो. प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण दाबाखाली द्रवरूप करून भरलेले असते. १४.२ किलो इंधन एवढ्याशा जागेत मावते, ते त्यामुळेच.

पदार्थाच्या तिन्ही अवस्था येथे एकत्र नांदतात. सिलिंडरच्या पोलादातील अणू जागच्या जागी थरथरतात, पण जागा सोडत नाहीत. आतील द्रवाचे रेणू एकमेकांना बिलगून असले, तरी एकमेकांवरून घसरू शकतात. म्हणून द्रव भांड्याचा आकार घेतो. द्रवाच्या पृष्ठभागावरून सुटलेले रेणू मात्र जवळजवळ मोकळे होतात. नेहमीच्या तापमानाला प्रोपेनचा रेणू सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने धावतो. अशा असंख्य रेणूंचा भिंतींवर होणारा अखंड मारा म्हणजेच दाब.

शेगडी बंद असताना जितके रेणू द्रवातून सुटतात, तितकेच पुन्हा द्रवात परततात. तापमान तेच असेल, तर द्रव काठोकाठ असो वा तळाशी, दाब जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे ज्योतीकडे पाहून उरलेल्या गॅसचा अंदाज बांधणे व्यर्थ. तो वजनकाट्यावरच कळतो.

शेगडी दीर्घकाळ मोठी ठेवल्यास सिलिंडर गार पडतो. अधिक ऊर्जा असलेले रेणू आधी निसटतात आणि मागे राहिलेला द्रव थंड होतो. कडाक्याच्या थंडीत तर उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या ब्युटेनचे बाष्प फारसे होतच नाही. अशा वेळी, किंवा गॅस संपत आल्यावर, सिलिंडर आडवा करण्याची अनेकांची सवय घातक आहे. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रवच नळीत शिरू शकतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर वायू होतो.

गळती झाल्यास रेणूंचा हा प्रचंड वेग कामी येत नाही. हवेतील रेणूंशी सेकंदाला अब्जावधी वेळा टक्कर होत असल्याने वायू संथपणे पसरतो. शिवाय तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने ओट्याखाली, जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण अवघे दोन टक्क्यांच्या आसपास गेले, तरी एक ठिणगी पुरते. मूळचा हा वायू जवळजवळ गंधहीन. गळती ध्यानात यावी यासाठी त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात.

तो वास येताच विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, एक्झॉस्ट फॅनचेही नाही. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि घराबाहेर पडून १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे.